संगणक बंद करण्यापूर्वी

मी, इमारतींचे नकाशे काढून पोट भरत आलेला, या घराचा मालक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला सोबत आहे. दाखला देणारे डॉक्टर माझ्या मुलाचे वर्गमित्र निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे, तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांचे समसमान. "ताईला कुठे हवंय घर?" असे मुलाने माझ्यादेखत म्हटले आहे. ताईने मला तसे कधी सांगितलेले नाही.

२. बँकेतली शिल्लक पत्नीला. मेहुण्यांनी तिला सल्ला देऊ नये.

३. नकाशाचे टेबल मागच्या गल्लीतल्या सुताराला. माझी करवत त्याने नेली ती अजून "आणतोच" आहे. टेबल तरी उघडपणे न्यावे.

४. आता संगणक. हे कलम मुलाने शेवटपर्यंत वाचावे, चाळू नये.

आम्ही काही नकाशावाल्यांनी आपापले संगणक एकमेकांना जोडले आहेत. इमारतीचे रंगीत चित्र तयार करण्यात एकटा संगणक अख्खा दिवस घालवतो. तेच काम तुकडे करून सगळ्यांच्या रिकाम्या बसलेल्या संगणकांवर वाटले की जेवण होईपर्यंत उरकते. प्रत्येकाच्या फायलींचे कुलूपबंद तुकडेही इतरांकडे जपलेले असतात. मधे कोणी मुकादम नाही. एक कंपनीवाला आला होता. "सगळं आमच्याकडे ठेवा काका, निर्धास्त राहा!" कुंपणच शेत खाते हे मला ठाऊक आहे. त्याला चहासुद्धा विचारला नाही.

जोडणीतल्या लोकांवरही माझा फारसा विश्वास नाही. कोण किती देतो आणि किती घेतो ते पडद्यावर दिसते, आणि मी ते रोज पाहतो. ज्याचा संगणक चालू, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. त्यातला एक ठिपका माझ्या मुलीचा आहे.

तीही नकाशेच काढते, दुसऱ्या शहरात. शिकली माझ्याच हाताखाली. तिची मापे मी तिच्या पाठीमागे पुन्हा तपासतो हे तिला कळले, तेव्हा "बाबा, तुम्ही स्वतःच्या सावलीवरही पहारा ठेवाल," असे म्हणून ती निघून गेली. तेव्हापासून बोलणे नाही. तपासणे हा कामाचाच भाग आहे, हे माझे मत कायम आहे. पण जोडणीतून ती बाहेर पडली नाही. तिचा संगणक माझी कामे करतो, माझ्या फायलींचे तुकडे सांभाळतो, आणि ती माझ्याकडून काहीच घेत नाही. यात काहीतरी डाव असावा, असे मला बरेच दिवस वाटत होते.

मग गेल्या उन्हाळ्यात मुलाने धूळ झाडायला म्हणून माझा संगणक बंद केला आणि पुन्हा लावायला विसरला. दुसऱ्या दिवशी, मी पडद्यासमोर बसण्याआधीच, खालच्या शिंपीणबाई धापा टाकत वर आल्या.

"तुमच्या लेकीचा फोन होता. बाबा बरे आहेत ना, एवढंच विचारलं. आवाज कसातरीच येत होता हो तिचा. आणि मी विचारलं हे सांगू नका म्हणाली."

बाईंच्या पोटात काही राहत नाही, हे एरवी मला खटकते. त्या दिवशी खटकले नाही. मी तिचा ठिपका पाहतो, तशी तीही माझा पाहत होती.

म्हणून, माझ्या मृत्यूनंतर वीज वाचवायला, जागा करायला किंवा अन्य कोणत्याही सबबीवर हा संगणक कोणी बंद करू नये. आधी मुलाने स्वतः ताईच्या घरी जावे. फोन करू नये, निरोप धाडू नये. तिच्यासमोर बसून सांगावे. बाप गेल्याचे तिला विझलेल्या ठिपक्यावरून कळता कामा नये.

संगणक मी तिला दिला आहे. तो कधी बंद करायचा, हे तिनेच ठरवावे. तोवर चालू राहू द्यावा.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही. चष्मा विसरले होते, म्हणून मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.)

लिहून देणार: (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, दोन हजार चोवीस