गार्व्हेसाहेबांना आईचा प्रश्न

नावन, आयर्लंड, ६ सप्टेंबर २०२५

प्रिय सलील,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. आई अजून माझ्याकडेच आहे. फोनवर आपण पुन्हा भांडू, म्हणून लिहिते आहे.

तुझे सिनेटर गार्व्हे परवा इथे येऊन गेले. त्यांचे पणजोबा जवळच्याच एका गावातून अमेरिकेला गेले होते, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. ज्याच्या प्रचारापायी माझा भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला, तो माणूस आहे तरी कसा, हे मला बघायचं होतं. आईही हट्टाने आली.

मला वाटलं, आरडाओरडा करणारे असतील. निघाले अगदी हळू बोलणारे. हार्डवेअरचं दुकान चालवता चालवता शाळेच्या बोर्डावर गेलो, मग तुमच्या ओहायोच्या सिनेटवर, असं सांगत होते. कर कमी हवेत, सरकारने घरात डोकावू नये, म्हाताऱ्यांना घरच्यांनीच सांभाळावं. आणि सीमा बंद हवी. इथे माझं डोकं तापलं.

चहाच्या वेळी आईने मला दुभाषी केलं. "विचार त्यांना, पणजोबा गेले तेव्हा मागे त्यांची आई होती का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "होती. पुढे तिचं काय झालं, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नाही."

सीमेवरून मी छेडलं, पण मत तसूभर हललं नाही. पणजोबा रीतसर गेले होते, म्हणाले. मला पटलं नाही. माणूस आवडला, हेही खरं.

मग मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला. "सलीलची आई? जन्मभर नवऱ्याच्या पक्षाविरुद्ध मत देणारी, आणि मतदानाला मात्र त्याच्याच स्कूटरवर बसून जाणारी?"

हे तू त्यांना सांगितलंस! आई गाडीतही हसत होती.

आई नागपूरला परत का गेली नाही, ते आता लिहिते. तिच्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती पसरली आहे. ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. "तो माझ्यासाठी धावत येईल, पण तुझ्याशी बोलणार नाही. मला ते बघवणार नाही." परवा घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "आता कळव त्याला."

लगेच ये. तुझी मतं तिकडे ठेवून येऊ नकोस. माझीही इथेच आहेत. जेवताना भांडू, तिच्यासमोर.

तुझ्या विरोधी पक्षातली, तुझीच,
स्नेहलताताई