हेडस्पेस आणि खंडेनवमी

१४ सप्टेंबर, रविवार. गेर्लिंगेन, जर्मनी
घरी रायफल जुळवायची एरलाउबनिस, म्हणजे सरकारी परवानगी, अखेर आली! केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बॅरल, बोल्ट, सगळं मांडलं. अवघड काम एकच, हेडस्पेस. म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती जागा सुटते ते. जास्त सुटली तर काडतूस फाटतं आणि गरम गॅस थेट तोंडावर. मी ऑफिसात दिवसभर टॉलरन्स, म्हणजे मापांतले केसभर फरकच तपासतो. भीती कसली? नेमबाजी क्लबचे बंदूकमिस्त्री हेर हेफेले यांना काहीही विचारायचं नाही, हा संकल्प.

२० सप्टेंबर
ही जागा मोजायला काडतुसाच्या आकाराचे दोन गेज आणले. ‘गो’वर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. माझा दोन्हींवर झाला. गेज स्वस्तातले असणार. एक दोनदा हातातून पडला. केलरमध्ये थंडी फार.

२७ सप्टेंबर
बॅरल आणखी आत फिरवली. आता बोल्ट एकावरही बंद होत नाही. म्हणजे प्रगती आहे.

२८ सप्टेंबर
किंचित मागे घेतली. पुन्हा दोन्हींवर होतो. सुनेत्रा म्हणाली, लग्न केलं तेव्हा नवऱ्याला दोन डोळे होते, तेवढेच राहू देत. बायकोला यातलं कळत नाही. ती गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते, पण ते वेगळं. डावा डोळा सारखा लवतोय. झोप कमी पडते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
लॅपटॉप, ड्रिल, रायफल, सगळ्यांची पूजा. सासूबाई व्हिडिओवरून म्हणाल्या, शस्त्राला हळदकुंकू, अक्षता नीट वाहा. नीट म्हणजे नीट. मी बोटाने चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, आतही लावलं.
संध्याकाळी गेज घातले. ‘गो’ जरा दाबून बसला, ‘नो-गो’ अडला!! क्लबच्या ग्रुपवर जाहीर केलं, पहिली गोळी मीच झाडणार. पाठवल्यावर फोन चुकून फ्रिजमध्ये ठेवला. उपवासामुळे.

९ ऑक्टोबर
बेशुसआम्टमध्ये गेलो. नवी रायफल वापरण्याआधी इथली सरकारी माणसं तिच्यातून जादा दाबाची गोळी लांबून झाडून बघतात. तिथल्या बाईंनी चेंबरमध्ये दिवा धरला आणि चिमट्याने तांदळाचा लाल दाणा काढला. मग फडक्यावर पिवळी पूड. मग ‘नो-गो’ घातला. बोल्ट गपकन बंद. मी म्हटलं, धार्मिक बाब आहे. त्या जा, जा म्हणाल्या आणि रायफल परत दिली.
ही मी गालाला लावून झाडणार होतो. गाडीला किल्ली लागेना बराच वेळ.

११ ऑक्टोबर
रायफल हेफेलेंकडे दिली. संकल्प मोडलेला नाही. विचारलं काहीच नाही, नुसती दिली.

८ नोव्हेंबर, शनिवार
बेशुसआम्टचा शिक्का मिळाला. क्लबात सगळे जमले. माझा खांदा सकाळपासून धरलेला. सुनेत्रा म्हणाली, सरक, दे इकडे. पाहुणी म्हणून, हेफेलेंच्या देखरेखीखाली तिने झाडली. तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडी सरळ लावत होतो. आवाज झाला तसा स्टिअरिंगखाली गेलो आणि ती हाक मारेपर्यंत तिथेच राहिलो. घाबरलो होतो. तिच्यासाठी.
आत टाळ्या चालू होत्या. मी हेफेलेंना म्हटलं, शेवटी माझ्या हातची रायफल. ते म्हणाले, तुमच्या बॅरलचे आटे गेले होते, दुसरी घातली. बोल्टही बदलला. खांद्याला अडकवायचा तुमचा पट्टा मात्र ठेवलाय.
पट्टा चांगला आहे, असंही म्हणाले.