शेवटची मूठ

२८ सप्टेंबर, शनिवार

पोचलो एकदाचा! बोट अशी हिंदकळत होती की टपाल घेऊन येणारा माणूससुद्धा बादली शोधत होता. मी मात्र मटण भरलेले दोन पॅटिस खाऊन वर चहा मागितला. ग्रीनॉकच्या गोदीवर वाढलेलं पोट आहे हे. घर झकास आहे. दोन खोल्या, पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळायची काळी शेगडी, आठ माणसं बसतील एवढं टेबल, आणि खिडकीबाहेर रेताड शेतांच्या पट्ट्या थेट समुद्रापर्यंत. बेटावरच्या ह्या बालेगार गावात सगळी मिळून नऊ घरं. मला फर्कर टलॉक म्हणून कुणी ओळखत नाही हे बरंच आहे. बंदरावरून इथवर यायला अर्धा तास लागला, तेवढ्यात माझं नाव 'पुस्तकवाला' पडलंही होतं.

बारावं पुस्तक इथं पुरं करायचं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मासळीची गाडी फिरवणाऱ्या पोराला भांडवल म्हणून दोन कानच मिळाले होते. दारोदार हेरिंग विकताना बायका जे बोलायच्या ते ऐकून ठेवलं, त्यांना शिंगं आणि मुकुट चढवले, आणि अकरा पुस्तकं झाली. लोक त्याला प्रतिभा म्हणतात. मी कशाला नाही म्हणू?

पण खरी बातमी वेगळीच. आठ नोव्हेंबरला युना येतेय, बर्गेनहून. माझी एकुलती एक लेक. आणि कडेवर इव्हर, पाच महिन्यांचा नातू. त्याला मी अजून हातात घेतलेलं नाही. एकेचाळीस दिवस राहिले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारीण एफीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, अंडी घेऊन आल्या. माझं चौथं पुस्तक त्यांनी वाचलंय. म्हणाल्या, तुझी माणसं जेवतात कधी रे पुस्तकवाल्या, नुसत्या शपथा घेत हिंडतात! त्यांचा भाऊ रोरी माझ्या घरामागची पट्टी कसतो. चर्चचा वडीलधारी माणूस. रविवारी शिट्टी वाजवली तरी भुवई उंचावतो.

गंमत अशी की सगळ्या गावाची कापणी उरकलीय, पेंढ्या उभ्या राहिल्यात, पण रोरीच्या पट्टीच्या टोकाला ओटची एक मूठ तशीच उभी आहे. विचारलं तर म्हणाला, कंबर धरलीय. त्याचा चुलतभाऊ लाखलन म्हणाला, माझ्या विळ्याला धार नाही. तिसरा म्हणाला, मला तर ती दिसलीच नव्हती. मोठी माणसं, आणि शाळकरी पोरांसारख्या सबबी!

मला कारण ठाऊक आहे. शेवटची मूठ म्हणजे म्हातारी. इथल्या भाषेत कॅल्याख. जो ती कापेल त्याच्या घरी ती हिवाळाभर राहते आणि त्याने तिला जेवू घालायचं. चौथ्या पुस्तकात मी हे वापरलंय, विजा पाडून आणि रक्त सांडून. आज वाटलं, उगाच पाडल्या विजा. ग्लासगोत शरद लागला की काही मंडळी झगे घालून, ढोल बडवून जुन्या देवांना हाका मारतात आणि मला भाषणाला बोलावतात. इथं ढोल नाही, नाव नाही, श्रद्धा आहे असंही कुणी म्हणणार नाही. फाटक लावून घ्यावं तशी माणसं ते करतात. जुनं जे टिकतं ते असंच टिकतं. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

मीच कापली!

रोरीकडे विळा मागितला. तो म्हणाला, हौस आहे का? म्हटलं, आहे. चौघे जण बांधावर उभे होते. मूठ आवळली आणि एका ओढीत कापली. माझे कान तिखट आहेत. चौघांनी एकदम श्वास सोडलेला मला स्पष्ट ऐकू आला. मी समजलो, कौतुक आहे. मग व्हिस्की निघाली, पाठीवर थापा पडल्या, लाखलन गायलासुद्धा. एफीबाईंनी मुठीची वेणी घातली, कमरेला चिंधीचा एप्रन बांधला आणि म्हणाल्या, टेबलाच्या टोकाला बसव, वाडगा दे, विसरू नकोस. आता हातभर उंचीची ओटची बाई समोर बसलीय. तिला लापशी वाढलीय. युनाला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, बाबा, शेवटी बाई आणलीतच घरात!

१२ ऑक्टोबर, शनिवार

काम भन्नाट चाललंय. रोज वीस पानं. अडत नाही, खोडत नाही, पोटात गोळा येत नाही. एकसष्टाव्या वर्षी हात असा सुटावा ही चैनच.

एकच तक्रार. इथल्या मटणाला चव नाही. अंड्यांनाही नाही. आज म्हातारीचा वाडगा रिकामा करताना एक चमचा चाखला. गरम होता, दिसायला लापशीच. तोंडात कागद घोळवल्यासारखं वाटलं. उरलेलं एफीबाईंच्या कोंबड्यांना टाकलं. त्यांनी एकेक चोच मारली आणि निघून गेल्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रकाशनातल्या बाईंचा फोन. पाठवलेली दीडशे पानं वाचली म्हणे. इतकं नेटकं तुम्ही कधीच लिहिलं नव्हतंत, एक स्वल्पविराम बदलावा लागला नाही. फोन ठेवून ती पानं मी स्वतः वाचली. बाई खरं बोलतात. चूक एकही नाही. राणीचा मुलगा मरतो ते पान दोनदा वाचलं. मुलगा मरतो, राणी खिडकी लावते. सगळं जागच्या जागी आहे आणि कशातच कस नाही.

एप्रनच्या गाठी सुटल्या होत्या. बांधायला गेलो तर चिंधी पुरेना. पाच तारखेला दोन वेढे बसले होते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

एफीबाईंकडे जाऊन नीट विचारलं. त्यांनी बटाटे सोलता सोलता सांगितलं. म्हातारी जेवण खात नाही. जेवणाचा कस खाते, आकार तेवढा मागे ठेवते. आधी ताटातला, मग घरातला, मग माणसातला. वसंतात नांगराच्या पहिल्या तासात तिला पुरली की गावाचं पीक येतं. आधी जाळली किंवा फेकली तर एकाही पट्टीत कोंब फुटत नाही. एकदा झालंय म्हणाल्या. ती तीन वर्षं आईनं शेवाळं शिजवून काढली.

आणि कापणारा निघून गेला तर? तर त्याच्यासोबत जाते, पेंढी इथं राहिली तरी.

त्यांनी स्वतः तिला एकदा ठेवली होती. नवरा बुडाला त्या वर्षी. मुद्दाम मूठ मागून घेतली. सोयीचं झालं म्हणाल्या. बोटीचं वेळापत्रक सांगावं तशा सुरात. मग म्हणाल्या, तुला रडायचं असलं कुणासाठी तर आत्ताच रडून घे, नंतर जमत नाही. पन्नास वर्षं झाली, मला परत जमलेलं नाही.

परत येताना रोरी भेटला. मला आधी का नाही सांगितलंत, विचारलं. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, तुम्हीच तर पुस्तकात लिहिलंय, पुस्तकवाले. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

ह्यावर मी संतापायला हवं होतं. वाट पाहिली. संताप आला नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एक गोष्ट काल लिहायची राहिली. मुख्य तीच. एफीबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्यात साठ वर्षांचा साठा आहे, हिवाळा निघेल. पण तान्ह्या मुलाला त्या टेबलाशी आणू नकोस. त्याच्यात असून असून किती असणार.

तेव्हा युनाला 'येऊ नकोस' सांगायचं. आज फोन लागला नाही. वारा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दरवर्षी ह्या रात्री फिरतात तशी गावातली पोरं मेंढ्यांची कातडी पांघरून, तोंडाला काजळी फासून घरोघर फिरली. दिवे लागायच्या वेळेला माझ्या दाराशी आली, आत डोकावली, आणि गाणं न म्हणताच परत गेली. त्यांच्यासाठी आणलेली सफरचंदं तशीच आहेत.

फोन लागला. युना बोलत होती — इव्हरसाठी लोकरीचा कोट घेतलाय, तो उताणा होऊन स्वतःच्या पायांशी बोलतो, बाबा, तुम्ही त्याला पाहिलंत ना की — मी ऐकत होतो. हवामानाच्या बातम्या ऐकतो तसा. उत्तरेकडून वारे, अधूनमधून सरी. सांगायचं वाक्य मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. 'युना, येऊ नकोस.' दोनच शब्द आणि नाव. वाचलं. त्यात काय एवढं, असं वाटलं. ये म्हणालो.

२ नोव्हेंबर, शनिवार

म्हातारी फुगलीय. लहान मुलीएवढी झालीय आता. हात लावला तर ऊब.

४ नोव्हेंबर, सोमवार

युनाला पत्र लिहायला बसलो. माझा धंदाच हा, माणसाला घाबरवायचा. तीन मसुदे केले. तिन्ही नेटके. आज पत्र टाकलं तरी ती निघण्याआधी पोचणार नाही. फोन भिंतीवर आहे. चार पावलं.

पाळणा रंगवून झालाय. कधी रंगवला आठवत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

एफीबाई येऊन गेल्या. पाळणा पाहिला. तू अजून सांगितलं नाहीस, म्हणाल्या. नाही, म्हटलं. त्या बसल्या. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, मलाही. मग त्या म्हणाल्या, अंडी हवीत का.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. इव्हर बोटीपासून घरापर्यंत रडला. दात येतायत. नाक युनाच्या आईचं. माझं बोट धरलं त्याने, घट्ट. मी पाहत होतो — माझं बोट, त्याची मूठ. आत काहीतरी हलल्यासारखं झालं. अगदी तळाशी. तेवढ्यात सांगून टाकलं, युना, टेबलाशी त्याला आणू नकोस, सोमवारच्या बोटीने परत जा. ती म्हणाली, बाबा, तुमच्या गोष्टी तरी पुरे करा आता. आणि हसली. मग मला आणखी काय सांगायचं होतं ते सापडेना.

ते दोघं मागच्या खोलीत. दार लावलंय. एवढं केलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

चर्चतर्फे रोरीची बायको केक घेऊन आली, म्हातारीकडे न बघता गेली. मी पीट आणायला गेलो होतो. आलो तर — इव्हरचं उंच आसन टेबलाशी. म्हातारीच्या शेजारी. युना भरवत होती. एक चमचा त्याला, एक गमतीने तिला. ही तुझी नवी आजी, म्हणत होती.

आसन उचललं. मागच्या खोलीत नेलं. युना चिडली. बरं वाटलं, तिला चिडता येतंय.

दुपारी तो रडला. थोडाच.

१० नोव्हेंबर, रविवार

आज बोट नाही.

रडला नाही. युना खूश, म्हणते समुद्राची हवा मानवली, किती शहाणं बाळ झालंय. मी दाराशी कान लावून बसलो. पुस्तकं ज्या कानांवर लिहिली ते कान. श्वास ऐकू येतो. बाकी काही नाही. आपल्या पायांशी बोलत नाही.

रोरीकडे गेलो, कुणाची होडी मिळेल का. रविवार आहे, म्हणाला. मूल आहे, म्हटलं. तो म्हणाला, नऊ घरांचं पीक आहे, टलॉक. नाव घेतलं पहिल्यांदा.

जाळावी तिला. काडेपेटी आणली. ती समोर — एप्रन नाही, आता मावत नाही. काडी ओढली. धरून बसलो. बोट भाजलं तेव्हा कळलं. तेही उशिरा.

११ नोव्हेंबर, सोमवार

बोट सव्वादोनला.

युनाने सामान भरलेलं नाही. खुर्चीत बसलीय. इव्हर मांडीवर, डोळे उघडे, छताकडे. म्हटलं, निघायला हवं. म्हणाली, राहू की बाबा, घाई काय आहे. बोटीचं वेळापत्रक सांगावं तशा सुरात. हा सूर मी ओळखतो. एफीबाईंचा.

दोन वाजले. लाखलनची गाडी दाराशी, इंजिन चालू. त्याला मीच सांगितलं होतं, सकाळी, सगळं जमलं होतं सांगायला.

काय करायचं ते मला माहीत आहे. लिहून काढलं की होईल. कोट — खुंटीवर आहे. मूल उचलायचं. युनाचा हात धरायचा, ओढायचं. गाडीत बसवायचं. मी नाही बसायचं, मी बसलो तर म्हातारी पण —

लाखलनने हॉर्न दिला.

इव्हरने मान वळवली. हॉर्नकडे. वळवली! म्हणजे अजून आहे, थोडं आहे, आत्ता नेलं तर —

उठतो. आधी हे एवढं वाक्य पुरं करतो, मग लगेच उठतो आणि