यंदा पिल्लं आली नाहीत

१६ डिसेंबर

बेनिग्नो,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे, पण तुझ्या बाबतीत रीती पाळणं मी माझा नवरा हिलारियो गेला तेव्हाच सोडलं. मी बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. माझी शेजारीण पुरा तुमच्याकडच्या बाजारात जाते आणि न विचारता सगळं सांगते. गुडघा धरलाय म्हणे. या वयात पोरासारखा बांधावरून उड्या मारत जातोस, धरेल नाही तर काय.

आता कामाचं. काल माद्रिदचा तो गोन्सालो येऊन गेला. साऱ्या देशात एकाच संध्याकाळी क्रौंच मोजले जातात आणि ते आकडे याच्याकडे जमा होतात, त्यामुळे पक्ष्यांची अंडी यानेच घातलीत असा त्याचा तोरा. माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन ताटल्या मिगास हाणले आणि मग मुद्द्यावर येऊन म्हणतो, “रेमेबाई, धरण एकच, संध्याकाळ तीच. मोठ्या पक्ष्यांचे तुमचे दोघांचे आकडे जवळपास जुळतात. पण बेनिग्नो म्हणतात पिल्लं भरपूर, आणि तुम्ही लिहिलंय शून्य.”

“माझा भाऊ खोटं बोलतो,” मी म्हटलं.

“कुणीतरी एक चुकतंय. जानेवारीत पुन्हा मोजायचंय. तोवर नक्की झालं नाही तर एका काठावर मला दुसरं माणूस उभं करावं लागेल.”

म्हणजे आपल्यापैकी एकाला घरी बसवणार. मी बसणार नाही. हिलारियो ज्यावर उभा राहून मोजायचा तो बांध मी मरेपर्यंत सोडणार नाही. वर्षात त्या दोन संध्याकाळी मला त्याच्या शेजारी असल्यासारखं वाटतं, बाकी दिवस नुसते ढकलायचे. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण गोन्सालोच्या पुढेपुढे करताना तुला ठाऊक असू दे.

मी काळोख पडेपर्यंत उभी होते. त्या वेळी पिल्लाचं तपकिरी डोकं दिसत नाही. पिल्लू ओळखायचं ते शिट्टीवरून. मोठे तुताऱ्या फुंकतात, पिल्लं बारीक शिट्टी घालतात, आंधळासुद्धा मोजेल असं हिलारियो म्हणायचा. मोठ्यांनी खोरं डोक्यावर घेतलं होतं. शिट्टी एक नाही. उत्तरेकडे घरट्यांवर काय संकट आलं असेल ते देवमाता जाणे. घरी येऊन मी रडले, जेवले नाही. आणि तिकडे तू चार शिट्ट्या तोंडानेच मारून घेतल्यास आणि लिहून दिलंस भरपूर.

तुझी ही खोड जुनीच. पाद्र्यासमोर कबुली द्यायला पाप सापडलं नाही की तू मनाने रचून सांगायचास. सान्तियागोच्या कोंबड्या चोरल्या म्हणालास, आणि सान्तियागोकडे कोंबड्या कधी नव्हत्याच. रिकामी जागा तुला बघवत नाही.

गोन्सालोला लिही आणि कबूल कर. मला फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकायची मला हौस नाही. जे असेल ते कागदावर.

रेमेदियोस

२९ डिसेंबर

बेनिग्नो,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने चिखलातून जावं तसं.

तू लिहितोस, “कुटुंबं तीन-तीन, चार-चारच्या रांगेत उतरत होती, ती तुला दिसली नाहीत का? नर, मादी, आणि तिसरा कोण, सासू?” दिसली की. डोळे आहेत मला. तीन पक्षी एका रांगेत उडाले म्हणून त्यातला एक पिल्लूच असतो असं कुठे लिहिलंय? माझ्यासमोरून गेलेले सगळे मुके होते. हसायला मात्र तुला बरं सुचतं. हिलारियोच्या मातीला यायला सुचलं नव्हतं.

एवढ्या वर्षांनी त्यावर चार ओळी खरडल्यास. म्हणे त्या दिवशी मोजणी होती, हिलारियोचा काठ कोरा राहिला असता, म्हणून तू त्याच्या बांधावर उभा राहिलास आणि तुझा काठ दुसऱ्याला दिलास. मला ते माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. शवपेटीला खांदा द्यायला माणसं कमी पडली, बेकरीवाला पीठ भरल्या हातांनी आला, आणि माझा सख्खा भाऊ मैलभरावर चिखलात उभा राहून पक्षी मोजत होता. नवऱ्याला पुरून परत येताना मला बांधावर तुझी टोपी दिसली. तू मागे वळूनही बघितलं नाहीस. आणि आता वर लिहितोस, “त्याला तेच आवडलं असतं.” त्याला काय आवडलं असतं ते मला सांगायला तू कोण? मला काय हवं होतं ते त्या दिवशी कुणी विचारलं?

पुढे रडगाणं आहे की मी फोन उचलत नाही. नाताळच्या दुपारी तू दाराशी आलास, बेल दाबत राहिलास, खिडकीतून मी बटाटे सोलताना दिसत होते आणि मी मान वर केली नाही. असेल. मी दार उघडलं नाही, एवढं समजून घे आणि पुन्हा येऊ नकोस. पायरीवर ठेवलेला हॅम चांगला होता. मांजराने खाल्ला.

आता ऐक. उद्यापासून मी हिलारियोची दुर्बीण घेऊन भरदिवसा भातखाचरांत जाणार आहे. उजेडात तपकिरी डोकी लपत नाहीत. कळप न् कळप बघून काढते, एकही पिल्लू नाही असं गोन्सालोला दाखवते, आणि मग तू तुझ्या गुडघ्याला तेल चोळत घरी बस.

रेमेदियोस

८ जानेवारी

बेनिग्नो,

लगेच हुरळून जाऊ नकोस. नीट वाच.

मी गेले. पहिले दोन दिवस धुकं होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ओकच्या झाडांखाली एक कुटुंब चरताना सापडलं, इतकं जवळ की दुर्बीण लागलीच नसती. नर, मादी, आणि तिसरा. सासू नव्हती. डोकं अजून तपकिरी. आईबापांपासून थोडं मागे राहिलं, मान उंच केली आणि चोच उघडली. गळा थरथरत होता. आईने वळून बघितलं. पलीकडच्या कळपातल्या दुसऱ्या पिल्लानेही चोच उघडली, मग तिसऱ्याने. मला काही ऐकू आलं नाही. आई तुतारीसारखी ओरडली, ते स्वच्छ ऐकू आलं. मी दुर्बिणीला शिव्या दिल्या, जसा काही काचेतून आवाज यायचा असतो.

घरी येऊन किटली ठेवली आणि पुराला हाक मारली. विचारलं, ही किटलीची शिट्टी वाजतेय का?

“कधीची वाजतेय,” ती म्हणाली. “तू रोजच वाजू देतेस. मला वाटलं, एकटी असतेस, तेवढीच सोबत.”

दोन वर्षं गाव माझ्याशी ओरडून बोलतंय आणि मी समजत होते की गाव उद्धट झालंय. पाद्री पुटपुटतो म्हणून मी त्याची तक्रार केली होती. सगळ्यांना कळलं होतं, आणि एकाचीही तोंडावर सांगायची छाती झाली नाही. असली ही आपली माणसं. तू तरी सांगितलं असतंस, तेवढा आगाऊपणा तुझ्यात आहे, पण तुला मी जवळ येऊ दिलं नाही.

तेव्हा लिहून टाकते. फोन मला ऐकू येत नाही. नाताळला तू दाराशी होतास हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ते वाचूनही मी तुला लिहिलं की मी दार उघडलं नाही. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं मला सोपं गेलं. हॅम मांजराने खाल्ला नाही. मी खाल्ला, दोन दिवस पुरवून.

माझं शून्य खोडा असं गोन्सालोला कळवलं. पिल्लं मेली म्हणून मी रडत होते आणि ती माझ्या डोक्यावरून ओरडत जात होती. तो लगेच आला. काय तो गोडवा त्याचा. म्हणे कासेरेस शहरातली एक मुलगी आहे, आवाज टिपायचं यंत्र घेऊन ती तुमच्या काठावर उभी राहील, तुम्ही गाडीत गरम बसा, कॉफी प्या. हिलारियोच्या बांधासमोर मी गाडीत बसून कॉफी पिऊ? मी त्याला कालच्या रोस्कोन केकचा तुकडासुद्धा दिला नाही.

त्याला सांगितलं, माझे डोळे शाबूत आहेत, मोठे पक्षी मी मोजणार. पिल्लांसाठी कान लागतात, पण ते कुणाचे हे मी ठरवीन. कासेरेसच्या मुलीला बेनिग्नोचा काठ दे. तो चाचरत म्हणाला, “पण तुम्ही दोघं बोलत नाही ना?” मी म्हटलं, मोजताना बोलायचं नसतंच, एवढंही तुला माद्रिदमध्ये शिकवलं नाही का? तो कबूल झाला.

हिलारियोच्या मातीचं मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. तू चुकलास. त्या दिवशी पक्ष्यांना तुझी गरज नव्हती, मला होती. हे आता लिहून झालं, पुन्हा लिहिणार नाही.

मोजणी शनिवारी आहे. उजेड असतानाच ये. रबरी बूट घाल आणि गुडघ्याला लोकरीची पट्टी बांध, उगाच हिंमत दाखवू नकोस. माझ्या डावीकडे उभा राहा. तोंडाने काही बोलू नकोस, तसंही कळणार नाही आणि आकडा चुकेल. पिल्लाची शिट्टी आली की माझ्या खांद्यावर एकदा हात ठेव. दोन आल्या तर दोनदा. मोजता येणार नाहीत इतक्या आल्या, तर हात काढू नकोस.

तुझी बहीण,
रेमे