आधी मराठी, मग पाणी

हर्नडन, व्हर्जिनिया
२ मार्च २०२५

प्रिय रिबेकाआक्का हिस,
धाकट्या मार्थाचा सलाम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहिते, आमचा यतीन फोटो काढून तुझ्या सुनेला धाडेल. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

मी आजी झाले गं! तीही एकदम सात वर्षांच्या पोरीची, म्हणजे दुपटी धुवायची वाचली. यतीन आणि सूनबाई अदितीनं दोन वर्षं सांभाळलेली ती नोरा, गोरी, नाकावर ठिपकेच ठिपके, आता दत्तक, कायमची आपली. कोर्टात जज्जबाईनं हसत हसत तिला साळवे करून टाकली. पोरीनं जज्जबाईला माझा चिवडा दिला. तिखट होता, तरी खाल्ला बिचारीनं.

आता ईस्टरला बाप्तिस्मा व्हावा, तर इथल्या आपल्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, समिती आडवी आली. सेक्रेटरी शंतनूभाऊ म्हणाले, मंडळी मराठी, मुलगी बाहेरची. वर्षभर मराठी शिकू दे, मग बघू. नाहीतर अमेरिकन लोकांच्या चर्चमध्ये न्या. केवढी ही माया! त्याच अमेरिकन लोकांच्या इमारतीत आपण दर रविवारी दुपारी बसतो, त्यांच्याच खुर्च्या, त्यांचाच हीटर. त्यांनी आमचं इंग्रजी तपासलं नाही, म्हणून मी अजून आत आहे.

शंतनूभाऊंच्या नातवाचा, आर्यचा, बाप्तिस्मा मात्र ईस्टरला पक्का. तो चार महिन्यांचा. मराठी चांगलंच येत असणार.

नोरा रोज विचारते, आजी, मी आत की बाहेर? तिच्या इंग्रजीतलं तेवढं मला नेमकं कळतं. काय सांगू, ते कळव.

तुझीच,
मार्था

अहिल्यानगर
१५ मार्च २०२५

चि. मार्था हिस,
आक्काचा आशीर्वाद.

ठिपकेवाल्या नातीचा पापा घे. शंतनूभाऊंना सलाम सांग. एवढे अस्सल मराठी ख्रिस्ती आमच्या नगरातही उरले नाहीत.

शमुवेल आजोबा आठवतात? गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचे. पाद्रीसाहेबानं त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं, तेव्हा इंग्रजी येतं का असं विचारलं नव्हतं. आणि बायबलातला पेत्र त्या परजातीच्या रोमी सुभेदाराच्या घरी गेला, तिथल्या सगळ्यांना बाप्तिस्मा द्यायला लावला, वर जेवलाही. परत आल्यावर यरुशलेमातल्या आपल्याच माणसांनी त्याची उलटतपासणी घेतली. समिती तेव्हाही होती बाई!

आपल्याकडे बाप्तिस्म्याचं पाणी भांड्यात ओतायचा मान मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. तिथं तो कुणाकडे आहे गं?

गुडघ्यांना तेल लाव. माया आहेच.
तुझी आक्का

हर्नडन
२१ एप्रिल २०२५

प्रिय आक्का हिस,
सलाम वि. वि.

मान माझ्याकडेच होता!

काल नवी साडी नेसले, मोतिया रंगाची, अदितीनं एडिसनच्या देशी दुकानातून आणलेली. शंतनूभाऊंनी स्वतः हात धरून मला पुढं नेलं. मी तांब्या घेऊन भांड्यापाशी उभी राहिले आणि राहिलेच. पाळकसाहेब म्हणाले, आजी, ओता. मी म्हटलं, ओतते की, फक्त आर्यबाळाची मराठीची परीक्षा होऊ द्या. शंतनूभाऊ म्हणाले, मावशी, तो लहान आहे, तो आपलाच आहे. मी म्हटलं, हो ना, आणि माझी कोर्टाच्या शिक्क्यानं आपली आहे. तुमच्याकडे शिक्का आहे का? मग शमुवेल आजोबांची ओंजळ सांगितली. तांब्या मात्र खाली ठेवला नाही.

आर्यची आई, वीणा, शंतनूभाऊंची स्वतःची सून, उठली. बाळ कडेवर घेऊन गेली आणि नोराशेजारी उभी राहिली. म्हणाली, दोघांचा एकदम, नाहीतर याचाही नको. पाळकसाहेबांनी शंतनूभाऊंकडे बघितलंच नाही, नोराला पुढं बोलावलं. तिनं खालून माझा तांब्या धरला. दोघींनी मिळून ओतलं, निम्मं शंतनूभाऊंच्या बुटांवर. मी मुद्दाम नाही केलं. फारसं नाही.

आर्य खूप रडला. नोरा नाही, मीच रडले.

नंतर प्रीतिभोजन आमच्याकडे. शंतनूभाऊ येणार नाहीत असं सगळे म्हणत होते. आले, दारातच उभे. नोरानं पाण्याचा ग्लास नेऊन पुढं धरला. ते किती वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिले गं. मग घेतला, सगळा प्यायले, आणि ग्लास पुन्हा तिच्यापुढं केला, अजून दे म्हणून.

आता तुझी माया एका नातीनं वाढव.
तुझीच,
मार्था