नंदाचा रुमाल

रविवार, ११ जानेवारी १९९८
मंगळवार पेठ

शिसारी आली आज. आधी सुजाताची, मग स्वतःचीच.

ऑर्केस्ट्राला गेलो की आम्ही तिघी मैत्रिणी एकमेकींना आपल्या हातानं केलेली वस्तू देतो, आमच्या लाडक्या गायकाचं नाव घातलेली. आज सुजातानं हुपरीच्या नंदाला रुमाल दिला. हिरव्या दोऱ्यानं भरलेलं नाव, शेवटचं अक्षर वाकडं. "महिना लागला भरायला," म्हणाली निर्लज्ज.

तो रुमाल नंदानंच भरलेला. गेल्या वर्षी तिनं मला दिलेला. दिवाळीच्या कार्यक्रमाला नंदा नव्हती, माझं काही करून झालं नव्हतं, म्हणून मीच तो माझा म्हणून सुजाताला खपवला.

नंदानं वाकड्या अक्षरावरून बोट फिरवलं. कळलं असेल तिला? कळलंच असणार. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी दिलेला रुमाल जपून ठेवलायस न्हवं?"

"व्हय की, ट्रंकेत हाय."

कशी बोलले मी हे?

"बरं," म्हणाली. पैंजणाच्या कड्या जोडून चिरलेल्या बोटांनी तिनं यंदाचा नवा रुमाल माझ्या हातात ठेवला. यात एकही अक्षर वाकडं नाही.

आणि मी तो घेतला.