मिलोचं खळं

मुक्काम कवठे येमाई, तालुका शिरूर
ता. १७ एप्रिल १९६६

राजमान्य सर्जेराव पाव्हणे, मुक्काम दौंड, यांना हौसरावाचा रामराम.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही दचकाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की इकडं सगळे खुशाल आहेत. तुमची बहीण तर इतकी खुशाल आहे की मलाच जरा जपून राहावं लागतं. विहिरीनं तळ दाखवलाय, बैलांना कडबा विकत आणतोय, पण ते सगळ्या मुलखाचंच आहे. थोरली लेक यवतला सुखरूप बाळंत झाली. मुलगा आहे, आणि सांगायला वाईट वाटतं, पण नाक तुमच्यावर गेलंय. मोठा झाल्यावर सुधारेल अशी आशा आहे.

पत्राचं कारण शेवटी सांगेन म्हणतो. आधी मिलोचं सांगतो.

पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या गावाला मिलोची पोती दिली. दौंडच्या मालधक्क्यावरच उतरली म्हणे, म्हणजे तुमच्या लोको शेडच्या समोरूनच गेली असणार. परदेशी लाल जोंधळा तो. भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटते, बायका वैतागतात. पण यंदा रब्बीत शेतात चिपाडसुद्धा उभं राहिलं नाही, तेव्हा नावं ठेवायला तोंड कुठं आहे? गावात कुणाला आणि कसा वाटायचा ते ग्रामपंचायतीनं ठरवावं, असं संस्थेनं कळवलं होतं.

माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. मी ठराव मांडला की ओढ्यावर चालू असलेल्या बंधाऱ्याच्या कामाला जो येईल त्यालाच धान्य, जो येणार नाही त्याला नाही. खालच्या आळीचे मेंबर उठले. म्हातारीकोतारी, लुळीपांगळी यांनी काय करायचं, म्हणाले. मी म्हणालो, आज म्हाताऱ्याला दिलं की उद्या त्याच्या नावावर त्याचा धडधाकट पोरगा घरी बसेल. दुसरं म्हणजे पुढच्या साली निवडणुका आहेत. आज फुकट वाटायची चाल पडली, तर उद्या ज्याच्या हातात पोतं त्याच्या पेटीत मत. माझ्या वडिलांनी दुष्काळात खडी फोडली, पण कुणापुढं ओंजळ धरली नाही. हे मी त्या दिवशी बोललो आणि आजही बोलतो. चावडीत माना डोलल्या. मग ठराव झाला.

झाला म्हणजे, दुसराच झाला. आमचा पडला. एका मतानं पडला.

शिरूरच्या बाजारात ही गोष्ट तिखटमीठ लावून विकली जातेय आणि आज ना उद्या ती दौंडला पोचेल. त्यापेक्षा ती तुम्ही माझ्याकडूनच ऐकावी.

आमच्या पंचायतीत दोन बायका मेंबर आहेत. एक कुशाबाई, दुसरी तुमची बहीण. कायद्यानं बायका घ्यायच्या म्हणून घेतल्या. चार वर्षं पद्धत अशी, की सभा आम्ही पुरुषांनी चावडीत करायची आणि मग कोतवालानं बुक घेऊन दोघींच्या घरी जायचं. कुशाबाई अंगठा देते, तुमची बहीण सही करते. तुम्ही लहानपणी पाटीवर गिरवून घेतलेली ती सही, अजून तशीच गोल गोल आहे. हात वर करायची वेळ आली की मी म्हणायचो, "बायकांची दोन आपल्याकडं धरा," आणि ग्रामसेवक धरायचा. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मला तर नव्हतंच.

त्या दिवशी सभा सुरू झाल्यावर ती आली. कुशाबाईला बरोबर घेऊन आली आणि दोघी मागं खांबाला टेकून बसल्या. मला वाटलं, घरून काही निरोप असेल. पण वाद चालू होता, विचारायला सवड झाली नाही. हात वर झाले. मी सवयीनं म्हणालो, "बायकांची दोन आपल्याकडं धरा."

"धरू नका," मागून आवाज आला. "आमी हितंच हावो."

पाव्हणे, पंचवीस वर्षं संसार केला, पण चावडीत तो आवाज मला ओळखू आला नाही. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सरपंच." लग्न झाल्यापासून तिनं मला "अवो" सोडून दुसरी हाक मारलेली नाही.

"सरपंच, काल तुमची भाकरी घिऊन बंधाऱ्यावर गेले व्हते. शेखलाल मुलाण्याची इमामबी मावशी तितं पाटी उचलाय आली व्हती. उचलंना, तवा मुकादमानं माघारी लावली. तिच्यासारख्या थकल्याल्या बाईनं ह्या ठरावात काय खायाचं?"

मी म्हणालो, "एकाला सूट दिली का समदीच मागत्यात. नियम म्हंजी नियम."

"बरं. मंग आंधळ्या गेणबाचं सांगा. सुगीला तो आपल्या खळ्यावर येतो. त्याला कवा म्हणलात का, आदी पेंढ्या बांध, मंग दाणं घे? उलट तुमीच त्याचा हात धरून राशीपशी बसिवता. ती भीक असती का?"

"खळ्याची गोष्ट येगळी. तो रिवाज हाय."

"तेच म्हंती मी. औंदा कुणाचंच खळं झालं न्हाई. मंग ह्या लोकांनी जायाचं कुठं?"

समोरचं बोलणं खालच्या आळीचं नव्हतं, लाल बावट्याचं नव्हतं, तुमचंही नव्हतं. ते माझ्याच हातानं दरसाल केलेलं काम होतं. त्याला मी काय खोडून काढणार? तिनं हात वर केला. कुशाबाईनं केला. ग्रामसेवक माझ्याकडं बघत बसला, तर ती त्याला म्हणाली, "त्येंच्याकडं काय बघतुयास, ल्ही की." अंगमेहनत झेपत नाही त्यांना धान्य द्यायचं, असं ठरलं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता ही डोळ्याला पदर लावेल, चुकलं म्हणेल. ताट वाढलं आणि विचारलं काय, तर "कालवणात मीठ बरं हाय का?" मी म्हणालो, बरं आहे. झालं. एवढीच चर्चा.

पुढं जे झालं त्यानं मला आनंद झाला, तो लपवत नाही. कोतवालानं मिलोच्या पिशव्या भरून घरोघर नेल्या आणि तशाच परत आणल्या. इमामबीनं पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि सांगितलं, "आमच्या चार पिढ्यांनी गावाची चाकरी केली. फकीर न्हाई झालो आजून." गेणबानं आतून कडीच काढली नाही. म्हणाला, मी आंधळा आहे, भिकारी नाही. बाकीच्यांचंही तेच. सगळ्या पिशव्या चावडीत परत. मी गावभर सांगत सुटलो, बघा, मी म्हणत होतो का नव्हतो? माझ्या गावाला फुकटचं नको आहे. छाती अशी भरून आली होती माझी. लोक उपाशी होते हे मला त्या घटकेला सुचलं नाही, इतका मी जिंकलो होतो.

तुमची बहीण त्या दिवशी जात्यापाशी दळत बसली होती. मग उठून माझ्यासमोर आली.

"चूक माजी झाली," म्हणाली. "बोलले खळ्याचं आन् दाणं धाडलं पिशवीतनं. खळं कुणाच्या दारात जातं व्हय? माणसानं खळ्यावर यायाचं असतं."

"मंग?"

"मंग तुमी खळं मांडा. पायली तुमी धरा."

मी भडकलो. म्हणालो, "हारल्याला ठराव मीच राबवू? गाव हसंल मला."

ती म्हणाली, "हारलं ते सरपंच. पायली खळ्याच्या मालकाच्या हातात असती. दुसऱ्या कुणाच्या हातनं ती मानसं घेणार न्हाईत. तुमच्याच हातनं घेत्याल."

पाव्हणे, मी नाही म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पोती परत गेली असती आणि मी शेवटपर्यंत खरा ठरलो असतो. तिलाही ते कळत होतं. तरी तिनं विनवणी केली नाही. सांगून आत निघून गेली. माझ्यावर एवढा भरवसा या बाईनं कशाच्या जोरावर ठेवला, ते मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढचं पटांगण बायकांनी शेणानं सारवलं. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, रोवला. बैल नाहीत, कणसं नाहीत, नुसता तिवडा. पोती फोडून मिलोची रास केली आणि मी ती पुजली, आपल्या जोंधळ्याची पुजतो तशी. चपला काढायला लावल्या सगळ्यांना. ग्रामसेवक बूट घालून आला होता, त्यानंही मुकाट्यानं काढले. मग मी राशीपुढं बसलो, मापाची पायली बुडवली आणि खळ्यावर पहिल्या मापाला म्हणतात तसं मोठ्यानं म्हणालो, "लाभ!"

गेणबाचं घर चावडीच्या मागंच आहे. "लाभ" ऐकून तो काठी टेकत आला. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. राशीपाशी बसला, दाणे हातात घेऊन चोळले आणि म्हणाला, "पाटील, औंदा दाना बारीक पडला." मी म्हणालो, "पाऊस न्हाई तर काय करतो, गेणबा." त्यानं धोतराचा सोगा पसरला. त्याच्यामागून एकेक जण येत गेला. कुणी मान खाली घातलेली नव्हती. लोक खळ्यावर येतात तसे आले, गप्पा मारत, एकमेकांची थट्टा करत.

इमामबी शेवटी आली. मी पायली भरली, तिच्या पदरात ओतायला गेलो, तर म्हातारीनं माझं मनगट धरलं. "हौसराव, शीग कुठाय? तुजा बाप पायलीवर शीग लावून द्यायचा. तू सरपंच झाला तसा हात आखडाय लागला." सगळं पटांगण हसलं. मी काठाच्या वर दाण्यांची शीग लावली. ती म्हणाली, "हां, आता कसं."

तेव्हा मला कळलं, पाव्हणे. भीक घेणारा शीग मागत नाही. माझे डोळे भरून आले. मी मुंडाशाच्या शेवानं पुसले आणि भुसा गेला म्हणालो. मिलोला भुसा नसतो, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमची बहीण पलीकडं बायकांत उभी होती. माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. त्या घटकेला मला माझ्या गावाचा अभिमान वाटला, आणि तिचा किती वाटला ते लिहायला मला अक्षर पुरत नाही.

माझं मत मी सोडलेलं नाही. धडधाकट माणसानं बंधाऱ्यावर यावं, आणि येतात. पण थोरलीच्या लग्नात मांडवात तुम्ही म्हणाला होतात की भुकेल्याचा घास हा त्याचा हक्क आहे, त्यावर मी सोयऱ्यांसमोर "रेल्वेच्या पगारावर बसून बोलायला काय जातं" म्हणालो, आणि तुम्ही ताटावरून उठून गेलात. तेव्हापासून दोन भाऊबिजा तिनं ओवाळणीचं ताट लावलं आणि न बोलता परत ठेवलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं. तुमचं सगळंच खरं होतं असं मी म्हणणार नाही. पण तो शब्द मी बोलायला नको होता. या. दिवाळीची वाट बघू नका. हे पत्र मी लिहिलंय हे तिला सांगितलेलं नाही. न्हावऱ्यावरून येणारी एस.टी. दुपारी गावात लागते, मी स्टँडवर उभा राहीन.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मलठणहून दोन बाया चालत आल्या. त्यांच्याही पंचायतीत पोती येऊन पडलीत आणि कुणी घ्यायला येत नाही. खळं कसं मांडायचं ते विचारायला आल्या होत्या. मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. एक म्हणाली, "तुळजाबाई मेंबरचं घर ह्येच का वो?"

माझ्या आज्यानं बांधलेलं घर आहे हे. तीन पिढ्या माणसं इथं आमचं नाव विचारत आली. मी म्हणालो, "ह्येच."

"आन् तुमी कोन?"

तोंडाला साबण होता, म्हणून लगेच बोलता आलं नाही. मग जे त्यांना सांगितलं, तेच खाली लिहून पत्र पुरं करतो.

तुळजाबाई मेंबरचा नवरा,
हौसराव